यंत्राचा दिंडी दरवाजा

जुन्या वाड्याचा किंवा गढीचा दरवाजा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दोन भक्कम फळ्या, त्यांवर ठोकलेले लोखंडी खिळे आणि आतून अडसर. हा मोठा दरवाजा रोज उघडत नसत. गाडी आत घ्यायची असली किंवा घरात कार्य असले तरच तो उघडायचा. एरवीची ये-जा त्याच्याच पोटात बसवलेल्या एका लहानशा दरवाजातून होई. त्याला दिंडी दरवाजा म्हणतात. माणसाने वाकून आत शिरायचे, आणि मोठा दरवाजा उघडायचा झाला तर आत गेलेल्या माणसानेच अडसर काढायचा. म्हणजे सारी मदार त्या दिंडीवर. तिथला पहारेकरी जागा असेल तर वाडा सुखरूप. तोच चुकला, तर मग ते खिळे आणि तो अडसर काय कामाचा?

संगणकालाही असाच एक दिंडी दरवाजा असतो. आज मी त्या दरवाजाची आणि त्यावरच्या पहारेकऱ्याकडून झालेल्या एका चुकीची हकिगत सांगणार आहे. ही चूक २००९ साली झाली आणि २०१५ साली उघडकीस आली. मधली सहा वर्षे ती देशोदेशीच्या यंत्रांत मुकाट्याने बसून होती. आणि ती बाहेर काढायला काय लागले? कळफलकावरची एकच कळ अठ्ठावीस वेळा दाबणे. बस्स.

पण ही गोष्ट नीट कळायची तर आधी थोडे मागे जायला हवे.

दही लावायला काय लागते, हे घरातल्या कोणत्याही बाईला विचारा. ती सांगेल, विरजण. आणि विरजण म्हणजे काय? दहीच! दही करण्यासाठी आधी चमचाभर दही हवे. संगणकाची अडचण हुबेहूब हीच आहे. यंत्र बंद असते तेव्हा त्याची कामाची स्मृती कोरी असते. काम करायचे तर स्मृतीत आज्ञावली हवी. ती आज्ञावली डिस्कवरून उचलून स्मृतीत आणायची, तर ते आणण्यासाठीही दुसरी एखादी आज्ञावली हवी. मग ती पहिली आज्ञावली कोठून यायची? इंग्रजीत एक जुना वाक्प्रचार आहे. बुटाला मागे जो पट्टा असतो, तो धरून माणसाने स्वतःलाच वर उचलणे, असा त्याचा अर्थ. ही अशक्य गोष्ट यंत्र रोज सकाळी करते, म्हणून यंत्र सुरू होण्याला 'बूट' होणे म्हणू लागले, आणि ते काम करणाऱ्या लहानशा आज्ञावलीला 'बूटलोडर' हे नाव पडले. आपण तिला विरजण म्हटले तरी चालेल.

पूर्वी हे विरजण माणूस आपल्या हाताने लावीत असे. आय.बी.एम. कंपनीने १९५२ साली जाहीर केलेल्या ७०१ या यंत्रावर 'लोड' नावाचे एक बटण होते. ते दाबले की यंत्र भोके पाडलेल्या कार्डावरून, चुंबकीय फितीवरून किंवा फिरत्या ढोलावरून पहिला शब्द स्मृतीत घेई आणि तेथून पुढची आज्ञावली स्वतःच ओढू लागे. १९६५ साली आलेल्या पी.डी.पी.-८ या यंत्रात तर चालकाला समोरच्या पाटीवरचे खटके वरखाली करून सुरुवातीच्या आज्ञा एकेक करून भराव्या लागत. आपल्याकडे पाढे म्हणतात तशा त्या आज्ञा चालकांना तोंडपाठ असत. एक खटका चुकला की यंत्र ढिम्म. मग पुन्हा पहिल्यापासून.

१९८१ साली आय.बी.एम.चा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला, तेव्हा हे विरजण कारखान्यातच भरून मिळू लागले. यंत्रातल्या एका कायमच्या चिपवर सुरुवातीच्या आज्ञा कोरलेल्या असत. विजेचे बटण दाबले की ही चिप यंत्राची जुजबी तपासणी करी आणि डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ अक्षरांएवढ्या जागेत जे लिहिलेले असेल ते स्मृतीत आणून बिनदिक्कत चालवी. ५१२ अक्षरे म्हणजे किती? एका पोस्टकार्डावर मावतील एवढी. त्या पोस्टकार्डावरच्या मजकुराला 'तू कोण, कोठला' असे कोणीही विचारीत नसे. जो पहिला आला तो मालक!

याचा अर्थ लौकरच कळून आला. १९८६ साली लाहोरमधल्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाची एक आज्ञावली लिहिली. ती फ्लॉपीच्या नेमक्या याच पहिल्या जागेत जाऊन बसे आणि एका फ्लॉपीवरून दुसरीवर पसरे. पर्सनल कॉम्प्युटरवरचा हा पहिला 'व्हायरस' समजतात. गंमत पहा, त्या भावांनी त्यात आपला पत्ता आणि टेलिफोन नंबरसुद्धा लिहिला होता! पण जगाला धडा मिळाला तो मिळाला. घराच्या आत कितीही कुलपे लावा, उंबऱ्यावर जो बसला आहे तो सगळ्यांच्या आधी जागा होतो आणि सगळ्यांच्या आधी हुकूम सोडतो.

आता आपल्या मुख्य गोष्टीकडे येऊ. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' नावाच्या प्रणालीची सुरुवात केली. ही प्रणाली कोणीही घ्यावी, वाचावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी, अशी खुली होती. १९९५ साली एरिक बोलेन याने 'ग्रब' या नावाचा एक बूटलोडर लिहिला. १९९९ साली तो 'ग्नू' या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात दाखल झाला, पुढे तो नव्याने लिहिला गेला, आणि बहुतेक प्रमुख लिनक्स प्रणालींच्या उंबऱ्यावर तोच पहारेकरी म्हणून उभा राहिला. आपला यात काही संबंध आहे का? आहे तर. पुण्यात मुख्य कार्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने 'बॉस' नावाची भारतीय प्रणाली तयार केली. ती डेबियन या लिनक्सवर आधारलेली आहे. म्हणजे तिच्याही दिंडी दरवाजावर ग्रबच.

ग्रबचे काम काय? यंत्र सुरू झाले की तो एक यादी दाखवतो. कोणती प्रणाली सुरू करू, असे विचारतो, आणि सांगितलेली प्रणाली स्मृतीत आणून तिच्या हाती कारभार देतो. पण या यादीपाशी थांबून, सुरू होणाऱ्या प्रणालीला द्यायच्या सूचना बदलताही येतात. जाणत्या माणसाला यंत्र दुरुस्त करताना ही सोय फार उपयोगी पडते. मात्र तीच सोय वापरून एखादा आगंतुक परवलीचा शब्द न देता थेट मालकाच्या गादीवर जाऊन बसू शकतो. म्हणून ग्रबमध्ये आणखी एक सोय केली आहे. यादी बदलायची असेल तर आधी नाव सांगा, मग परवलीचा शब्द सांगा. ज्याला खात्री हवी त्याने हे कुलूप लावून घ्यावे.

आणि चूक नेमकी या कुलपातच होती.

ती चूक समजायला गणित चौथीपुरते आले तरी पुरे. शिक्षक मंडळींनी ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. असे समजा की, नाव लिहून घेण्यासाठी पहारेकऱ्याने हातात एक पाटी घेतली आहे. आपण एक अक्षर टाइप केले की तो पाटीवर ते लिहितो आणि मनाशी म्हणतो, 'एक झाले.' दुसरे टाइप केले की म्हणतो, 'दोन झाली.' अक्षर चुकले, आपण बॅकस्पेस म्हणजे मागचे खोडायची कळ दाबली, की तो मोजणीतून एक वजा करतो. येथवर ठीक. पण पाटी कोरी आहे, एकही अक्षर लिहिलेले नाही, आणि तरीही कोणी खोडायची कळ दाबली तर? तुम्ही-आम्ही काय म्हणू? 'अहो, पाटी कोरीच आहे, खोडू काय?' पहारेकऱ्याने मात्र तसे विचारले नाही. त्याने शून्यातून एक वजा केला.

शून्यातून एक वजा केल्यावर उणे एक येतो, हे आपण शिकलो. परंतु यंत्रातली ही मोजणी उणे आकडे जाणतच नव्हती. मोटारीचा किंवा फटफटीचा मैल मोजणारा जुना मीटर आठवा. सगळीकडे शून्ये असताना चाक उलटे फिरवले तर काय दिसेल? सगळीकडे नऊ! तसेच येथे झाले. शून्याच्या खाली उतरताच मोजणी थेट ४,२९,४९,६७,२९५ वर जाऊन बसली. पुन्हा कळ दाबली की त्यातून एक कमी. आणि यंत्राच्या हिशेबात याचा परिणाम असा की, 'लिखाण कोठे संपले' याची खूण पाटीच्या सुरुवातीच्याही मागे, पाटीबाहेर सरकत गेली.

नाव घेण्याचे काम आटोपताना पहारेकरी एक शहाणपणाची गोष्ट करीत असे. पाटीचा उरलेला भाग तो पुसून स्वच्छ करी, म्हणजे तेथे शून्ये भरी. आता खूणच पाटीबाहेर गेलेली. त्यामुळे ही पुसणी पाटीशेजारच्या जागेवरून फिरली. त्या शेजारच्या जागेत एक महत्त्वाची नोंद होती. हे काम संपल्यावर पुढे कोठे परत जायचे, हे तेथे लिहिलेले होते. बरोबर अठ्ठावीस वेळा कळ दाबली की पुसणी त्या नोंदीपर्यंत पोचे आणि परतीचा पत्ता शून्य होऊन जाई. यंत्र वाट चुकून स्मृतीच्या पहिल्या घरात, शून्य क्रमांकाच्या जागी जाऊन पडे. मग एक तर ते आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई, नाहीतर भरकटत भरकटत ग्रबच्या 'रेस्क्यू शेल'मध्ये, म्हणजे बिघडलेले यंत्र दुरुस्त करायच्या खोलीत, जाऊन उभे राही. त्या खोलीला कुलूप नव्हते. नाव नाही, परवलीचा शब्द नाही, कोणीही आत!

ही चूक स्पेनमधील व्हॅलेन्सिया पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या हेक्टर मार्को आणि इस्माएल रिपोल या दोन संशोधकांनी शोधून काढली आणि डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केली. चुकांच्या जागतिक नोंदवहीत तिला सी.व्ही.ई.-२०१५-८३७० हा क्रमांक मिळाला. २००९ च्या डिसेंबरात केलेल्या एका बदलाबरोबर ती ग्रबमध्ये शिरली होती, हेही त्यांनी दाखवून दिले.

आता तुम्ही विचाराल, यामुळे बिघडले काय? त्या खोलीत शिरलेला माणूस दुसरी एखादी प्रणाली सुरू करून डिस्कवरची माहिती वाचू शकत होता, नक्कल करून नेऊ शकत होता. काही शहाण्या लोकांनी आपली डिस्क गुप्त लिपीत लिहून ठेवलेली असते. तेथे वाचणे त्याला जमले नसते. पण नासधूस करणे जमले असते. चोराला तिजोरी उघडता आली नाही, तरी ती उचलून विहिरीत ढकलता येतेच की! या दुसऱ्या प्रकाराला जाणकार 'सेवा अडवणे' म्हणतात. त्यात चोरी होत नाही, पण ज्याचे यंत्र त्यालाच ते वापरता येत नाही. शेतकरी बंधूंना हे समजावून सांगायला नको. पाटाच्या तोंडाशी कोणी दगड आणि गाळ लोटून दिला, तर त्याने तुमचे पाणी चोरलेले नसते. पण पाळीच्या दिवशी पाणी रानात पोचत नाही आणि ऊस वाळायचा तो वाळतोच. शाळेत एकच संगणक आहे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस आहे, आणि सकाळी यंत्र सुरूच होत नाही, असे समजा. कोणी काही नेलेले नाही. पण ज्या मुलाचा अर्ज राहिला, त्याचे वर्ष गेले.

मात्र भिऊन जायचेही कारण नाही. ही चूक 'स्थानिक' होती. म्हणजे दूर देशी बसून तारेवरून कोणाला तिचा फायदा घेता येत नव्हता. यंत्रासमोर प्रत्यक्ष बसून कळ दाबणारे बोट हवे. पण शाळा, वाचनालय, सरकारी कचेरी अशा ठिकाणी यंत्रासमोर बसणारी माणसे दिवसाला बदलतात. तेथे 'स्थानिक' या शब्दाने फार निर्धास्त होऊन चालत नाही. आणि आणखी एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ग्रबचे कुलूप लावलेलेच नसते. तेथे अठ्ठावीस वेळा कळ दाबायचीही गरज नव्हती. दरवाजा मुळात उघडाच होता. ज्यांनी काळजी घेऊन कुलूप लावले, त्यांचाच भरवसा या चुकीने फोडला, हे त्यातले दुःख.

दुरुस्ती किती मोठी असेल असे तुम्हाला वाटते? मूळ आज्ञेत विचारले होते, 'दाबलेली कळ खोडायची आहे काय?' दुरुस्त आज्ञेत विचारले, 'दाबलेली कळ खोडायची आहे काय, आणि खोडायला काही शिल्लक आहे काय?' एवढेच! दोन ठिकाणी, नाव घेताना आणि परवलीचा शब्द घेताना, हा अर्धा प्रश्न जोडला आणि दरवाजा बंद झाला. त्याच महिन्यात उबुंटू, डेबियन, रेड हॅट वगैरे प्रमुख लिनक्स प्रणालींनी आपापल्या वापरणाऱ्यांना दुरुस्त ग्रब दिला.

मग सहा वर्षे हे कोणाच्या ध्यानात का आले नाही? ग्रबची आज्ञावली काही तिजोरीत ठेवलेली नव्हती. ती खुली होती, ज्याला वाचायची त्याने वाचावी अशी. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, त्यातला प्रकार. खुले आहे म्हणून प्रत्येकाला वाटले, दुसऱ्या कोणीतरी वाचले असेल. शिवाय नवी वस्तू तपासताना आपण ती जशी वापरायची तशीच वापरून पाहतो. नाव बरोबर लिहिले तर आत घेतो का? चुकीचे लिहिले तर अडवतो का? दोन्हींची उत्तरे ठीक आली. कोरी पाटी खोडून पाहण्याचा उद्योग कोण करणार! तसले उद्योग एक तर लहान मुले करतात, नाहीतर संशोधक.

त्याच दोघांनी पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, आणखी एक अशीच गोष्ट दाखवून दिली. गुप्त लिपीतली डिस्क उघडण्यासाठी जेथे परवलीचा शब्द मागतात, तेथे काही लिनक्स यंत्रांवर एंटरची कळ सुमारे ७० सेकंद नुसती दाबून धरली की यंत्र कंटाळून दुरुस्तीच्या खोलीचे दार उघडी. तेथेही दोष एवढाच की, 'प्रयत्न संपल्यावर काय करायचे' याचा विचार पुरता झाला नव्हता.

गोष्टीचा शेवटचा भाग २०२० सालचा आहे आणि तो मला सगळ्यांत शिकवण देणारा वाटतो. त्या वर्षी २९ जुलैला एक्लिप्सियम या कंपनीने ग्रबमधली 'बूटहोल' नावाची दुसरी चूक जाहीर केली. ग्रब आपल्या सूचना ज्या फायलीतून वाचतो, ती फाईल मुद्दाम वेडीवाकडी लिहिली तर पहारेकऱ्याचाच ताबा घेता येई. यासाठी आधी यंत्राचे मोठे अधिकार हाती हवेत, पण एकदा जमले की शिक्कामोर्तब पाहून प्रणाली सुरू करण्याची 'सिक्युअर बूट' ही व्यवस्थाही फसे. दुरुस्ती तातडीने आली. आणि काय झाले? ती बसवल्यावर रेड हॅट आणि सेंटओएस या प्रणालींची कित्येक यंत्रे सुरूच होईनात! व्यवस्थापकांना दुसऱ्या डिस्कवरून यंत्र सुरू करून जुना ग्रब परत बसवावा लागला. हल्लेखोराने जी सेवा अडवायची, ती दुरुस्तीनेच अडवली. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणायचे.

म्हणून काय दुरुस्तीच करू नये? तसे मुळीच नाही. दुरुस्ती केलीच पाहिजे. पण उंबऱ्यावरची दुरुस्ती सर्वांत जपून करावी लागते, कारण तेथे चूक झाली तर ती सुधारायला आत जाण्याची वाटच उरत नाही. ज्या शिक्षकांच्या हाती शाळेचे संगणक आहेत, त्यांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. नवी दुरुस्ती आली की आधी एका यंत्रावर बसवावी, ते यंत्र बंद करून पुन्हा सुरू करून पाहावे आणि मगच इतरांना हात लावावा. यंत्र अडले तर सुरू करता यावे म्हणून एक पेन ड्राइव्ह तयार करून कपाटात ठेवावा. निकाल, अर्ज, हजेरी यांची नक्कल दुसरीकडे असू द्यावी. आणि संगणकाच्या खोलीला साधे लोखंडी कुलूपही असावे. स्थानिक धोक्यावर तेही एक औषधच आहे.

पाचवी गोष्ट मुलांसंबंधी आहे. एखादा मुलगा किंवा मुलगी यंत्रासमोर बसून कोरी पाटी खोडीत बसलेली दिसेल. आपण चटकन ओरडतो, 'अरे, उगाच कळा बडवू नकोस!' यंत्र जपायला हवे हे खरे. पण ओरडण्याआधी एकदा विचारून पहा, 'काय केलेस? मग काय दिसले?' आणि तो जे सांगेल ते वहीत तारीख घालून लिहून ठेवायला सांगा. व्हॅलेन्सियाच्या त्या दोघांनी तरी याहून निराळे काय केले? कळ दाबली, काय होते ते पाहिले, का होते ते शोधले आणि लपवून न ठेवता जगाला सांगितले. त्यामुळे कितीतरी दरवाजे नीट बंद झाले.

वाड्यातला शहाणा कारभारी रात्री निजण्यापूर्वी मोठ्या दरवाजाचा अडसर तर पाहतोच, पण दिंडीची कडीही हाताने हलवून पाहतो. आपल्या यंत्रांच्या बाबतीत तेवढी सवय आपण लावून घेऊ या.